उजव्या रकान्यातली नावं

कार्तिक सरला की मी येळवशीची यादी करायला बसतो. आमच्या बिदरकडच्या सीमेवर मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप घालायची, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडायचे, आणि भज्जी, आंबील, उंडे, खीर असं सगळं नेऊन घरादारानं तिथं जेवायचं. याची यादी माझ्याकडे, कारण आमच्या घरात याद्या माझ्याशिवाय कुणी करत नाही. जोंधळ्याचं पीठ. दोन घागरी ताक. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे. चुना. सुतळी दोन गुंड्या. आणि शेवटी जेवायला येणाऱ्या माणसांचा आकडा.

बायको यादी हातात घेते आणि दर वर्षी विचारते, "माणसं बावीस लिहिलीत, पण कोण कोण?"

मी म्हणतो, "बावीस." मग एकेक नाव तोंडी सांगतो.

तिला ही माझी लहर वाटते. वीस वर्षं मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे. वर्गाची हजेरी सोडली तर माझ्या हातचा नावांचा दुसरा कागद सापडायचा नाही, आणि ती हजेरीही मी कपाटात कुलपात ठेवतो. सहकारी हसतात. ज्वारी निसवून उंच झाली, वाऱ्यावर तिचा कोरडा आवाज यायला लागला, की मला हसता येत नाही. त्या आवाजात माणूस चालत असेल तर ओळखू येत नाही, हे मला एका येळवशीनं शिकवलं.

ते हैदराबाद संस्थानाचं शेवटचं वर्ष होतं, पण शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. मी हैदराबादला एम.ए. करत होतो. मराठीच्या वर्गात आम्ही सहा जण. फीची पावती उर्दूत, सूचना उर्दूत, ग्रंथालयाची चिठ्ठी उर्दूत, आणि जिन्याखालच्या एका खोलीत आमची मराठी. आमच्या सरांचे दोन कटाक्ष होते. एक, प्रत्येकानं स्वतःचं काही लिहून दाखवायचं, कविता नाही तर कथा. दुसरा, लोकगीतांचा एक संग्रह करून त्यावर प्रबंध लिहायचा.

पहिल्यात मी वर्गात शेवटचा. माझी कविता वाचून सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "वैजनाथ, तुमच्याकडे कल्पना नाही. कपाट आहे."

दुसऱ्यात मात्र कपाटच लागत होतं. सर बजावायचे, "गाणं कुणी म्हटलं, कुठल्या गावी म्हटलं, तिचं घर कुठलं, माहेर कुठलं, हे लिहिल्याशिवाय गाणं उतरून घेऊ नका. नाव-गाव नसलेलं गाणं बेवारस असतं." मी जाड पुठ्ठ्याची वही घेतली आणि प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे गाणं, उजवीकडे माणूस. सरांनी ती वही वर्गात सगळ्यांना फिरवून दाखवली. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली वाहवा.

दसऱ्यानंतर वसतिगृहातल्या खाटा रिकाम्या व्हायला लागल्या. आज एक, उद्या दोन. कुणी घरी गेलेला, कुणी कुठे गेला ते न सांगता गेलेला. अप्पांची, म्हणजे वडिलांची, चिठ्ठी आली, "माझी प्रकृती ठीक नाही, निघून येणे." अप्पा ठणठणीत होते. टपाल फोडलं जातं हे माहीत असल्यानं त्या वर्षी संस्थानातले निम्मे बाप आजारी होते.

आमचं गाव संतपूरच्या अलीकडे, कापडाचं दुकान, थोडी जमीन. गाव तेच होतं, पण आवाज बदलले होते. लोक रस्त्यात एकमेकांना नावानं हाक मारत नव्हते. "ओ" म्हणायचे, खाकरायचे. लांबवर धूळ उठली की बायका डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून थांबायच्या, धूळ बैलगाडीची की दुसऱ्या कशाची ते कळेपर्यंत. भीती पोटात असते असं म्हणतात. त्या हिवाळ्यात ती कानात होती. माणसं बोलत असतानाही ऐकत असायची.

आणि अशा गावात मी वही-पेन्सिल घेऊन गाणी गोळा करत हिंडायला लागलो.

कापसाची वेचणी चालू होती. थोरली बहीण, आमची अक्का, शेतावरच्या बायकांचं काम बघायची. माझ्यासारख्या शिकलेल्या गड्यासमोर बायका तोंड उघडणार नव्हत्या. अक्कानंच त्यांना सांगितलं, "माझा भाऊ हाय. परीक्षेचं काम हाय त्याचं. कापूस येचत येचत म्हना, त्याच्याकडं बघू नका." मी बांधावर पाठ करून बसलो. मागून गाणी येत राहिली.

*कापूस येचिते बाई, वटीला आला भार*
*शिरपती माझा भाऊ, गाडीला बैल चार*

या गाण्यांची एक रीत आहे. बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही, पण गाण्यात भावाचं नाव घेते. नुसतं नाव नाही, त्याचं गाव, त्याची वाट, त्याचा बैल, सगळं. नाव आलं नाही तर गाणं पुरं झालं असं कुणी मानत नाही. प्रत्येकीची नावाची जागा ठरलेली, तिथं आवाज थोडा उंच व्हायचा. पाठ करून बसलेल्या मलासुद्धा कळायचं की आता भाऊ येतो आहे.

मी सगळं लिहिलं. उजव्या रकान्यात अमुक, वय अंदाजे, माहेर अमुक, घर मारुतीच्या मागे तिसरं, भाऊ अमुक, सध्या कुठे. शंका आली तर विचारून घ्यायचो. दीड महिन्यात एकेचाळीस बायका झाल्या.

एकदा अक्का भाकरी घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वहीत बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"हितं काय लिवलास?"

"कुणाचं घर कुठं ते."

"कामून?"

"सरांनी सांगितलंय."

"तुझे सर ह्या गावात ऱ्हायलेत का?" ती म्हणाली. "तू गानी लिवायलास का बायकांची जबानी घ्यायलास?"

मी हसलो. ती हसली नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या एका गावात कसली तरी यादी सापडली म्हणून ठाण्याच्या लोकांनी तीन घरांतली तीन माणसं नेली. दोन परत आली. तिसऱ्याबद्दल त्याच्या घरचेसुद्धा मोठ्यानं विचारत नव्हते. ही बातमी आली त्या संध्याकाळी अक्का म्हणाली, "वैजू, तेवढी उजवी बाजू चुलीत घाल."

मला पटलं. मला सगळं लगेच पटतं, पण मी सगळं नीट करतो. नावं जाळण्याआधी प्रत्येक बाईला एक आकडा द्यायचा, आकड्यांची वेगळी चिठ्ठी करायची, ती चिठ्ठी कापडाच्या गठ्ठ्यात घडी घालून ठेवायची, म्हणजे प्रबंधाला आधार राहील आणि धोकाही टळेल, असा बेत मी केला. चार दिवसांचं काम होतं. माणूस घाबरला की पळतो, ओरडतो, देवाला हाका मारतो. मी आवराआवर करायला लागतो. माझी ती रीतच चुकीची ठरली. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी ठाण्याचा जवान दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वो नामवाली बही लेके चलो." वहीची खबर तिथवर कुणी पोचवली, ते मला कधीच कळलं नाही.

ठाण्यापर्यंत अर्ध्या दिवसाची वाट होती. त्या वाटेवर मी एकच पान मनात वाचत होतो. शेवंताचं. शेवंता आमच्या शेजारच्या शेतकऱ्याची बायको, तिशीची, वेचणीत सगळ्यांच्या पुढे. माहेर निर्ण्याचं. तिचा एकुलता भाऊ माणिक संस्थानाविरुद्धच्या चळवळीत पडला होता, हद्दीपलीकडे बार्शीकडे जाऊन-येऊन असायचा. तो घरी कधी येतो याची खबर काढायला माणसं लावलेली होती. आणि शेवंता बांधापलीकडून मोकळ्या गळ्यानं म्हणाली होती,

*येळवशीच्या दिशी बाई कोपीला तोरन*
*निर्न्याच्या वाटंनं येतो मानिक चोरून*

उजवीकडे माझ्या सुवाच्य अक्षरात होतं, "शेवंता. माहेर निर्णा. भाऊ माणिक, सध्या पलीकडे. येळवशीला खरोखर येणार आहे (तिनं सांगितलं)." येळवस चार दिवसांवर होती.

अमीनसाहेबांना, म्हणजे ठाण्याच्या मुख्य अंमलदाराला, सर्दी झाली होती. नाक पुसत ते म्हणाले, "नाम लिखे हैं इसमें?"

"गाने हैं साहब. गानेवालियों के नाम हैं."

"पढो. और मतलब बताओ. गाना नक्को."

एक म्हातारा मुन्शी दौत-लेखणी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. उजव्या हाताला. नावांच्या रकान्याच्या बाजूला. त्याला मराठी वाचता येतं की नाही, मला माहीत नव्हतं. विचारायची सोय नव्हती.

पहिलं गाणं मी जसंच्या तसं वाचलं. शिरपती, गाडी, चार बैल. अर्थ सांगितला. अमीन म्हणाले, "ये शिरपती किधर है?"

शिरपती दम्यानं घरी पडून होता, तसं मी सांगितलं. त्याचं कुणी काही केलं नसतं. पण मला तेव्हा कळलं की या खोलीत गाण्यातलं प्रत्येक नाव प्रश्न होतं. दुसऱ्या गाण्यात भावाच्या जागी मी "वैजू" म्हणालो. माझंच नाव. दुसरं सुचलंच नाही. तिसऱ्यात पुन्हा वैजू. चौथ्यातही. पानावरची खरी अक्षरं डोळ्यांपुढे आणि तोंडात खोटी. सरांच्या वर्गात एक ओळ रचायला मला चार दिवस लागायचे. इथं दोन श्वासांमध्ये यमक जुळवून अर्थ सांगायचा होता, आणि नापास झालो तर नापास दुसरंच कुणी होणार होतं.

अमीन मध्येच हसले. "गाव भर की बहनों का एकिच भाई?"

"कपडे की दुकान है साहब. चोळी का कपडा मैंच देता हूँ. सब भाई बोलते."

ते हसता हसता शिंकले. मग त्यांनी हात लांब करून पानं उलटली आणि बोट ठेवलं. "ये."

शेवंता.

मी पहिली ओळ वाचली. येळवस, कोप, तोरण. दुसरी ओळ अशी आली:

*दुकानाच्या वाटंनं वैजू आनतो कापड धरून*

लांबली होती, लंगडत होती. मुन्शीची नजर पानावर होती. त्याचं बोट हळूहळू ओळीखालून सरकलं आणि एका शब्दाखाली थांबलं. मी बघितलं, बोट माणिकच्या नावाखाली होतं. मी वैजू म्हणालो होतो. खोलीत माशी फिरत होती तिचा आवाज मला अजून आठवतो. मुन्शीनं माझ्याकडे पाहिलं. मग अमीनसाहेबांकडे पाहून म्हणाला, "बराबर है साहब. औरतों के गाने हैं."

"ये येळवस क्या है?" अमीननी विचारलं.

"खाने का त्योहार साहब, खेत में. चार रोज में है."

"तो आयेंगे. ये बाई का गाना सुनेंगे." ते हे सहज म्हणाले की मुद्दाम, ते मला आजही सांगता येणार नाही.

मुन्शीनं वही मिटून माझ्या हातात दिली. दारापर्यंत सोडायला आला आणि हलक्या आवाजात, आमच्याकडच्या मराठीत म्हणाला, "अक्षर लई चांगलं हाय तुमचं. कुनाला बी वाचता यील."

मी परत आलो तेव्हा अक्का दुकानातली मोठी कात्री घेऊन बसली होती. तिनं वही माझ्या हातातून घेतली. एकेक पान मधल्या रेघेवर कापत गेली. डावी बाजू माझ्या मांडीवर, उजवी चुलीत. एकेचाळीस बायका, त्यांची माहेरं, त्यांचे भाऊ. कागद जाड होता, लवकर पेट घेत नव्हता. मी आकडे लिहून घ्यायला पेन्सिल उचलली, तर तिनं कात्रीनंच माझा हात बाजूला केला.

शेवंताला सांगायला आम्ही दोघं गेलो. मी सगळं सांगितलं, उजव्या रकान्यासकट. तिनं मला शिवी द्यावी असं मला वाटत होतं. तिनं कोपऱ्यातल्या वहाणा नवऱ्यापुढे ठेवल्या. त्यानं त्या पायात घातल्या आणि निर्ण्याला निघाला. तिसऱ्या दिवशी परतला. माणिक घरून आधीच बाहेर पडला होता. कुठल्या वाटेनं, कुणाकडे मुक्काम करत, कुणालाच माहीत नव्हतं. येळवशीला बहिणीच्या रानात पोचणार, एवढंच पक्कं.

"मग?" अक्का म्हणाली. "कोप घालायचीच न्हाई का?"

"न घालून कसं? साहेब येनार हाय म्हन्ला न्हवं." शेवंता माझ्याकडे वळली. "माझं गानं काय म्हनून सांगिटलास तिथं? जसंच्या तसं म्हन."

मी मान खाली घालून ती ओळ म्हणून दाखवली.

"कापड धरून?" ती म्हणाली. "कापड काय शेळी हाय का, धरून आनायला? सोळा बुकं शिकलास आन् हे रचलास?"

अक्का तोंडाला पदर लावून हसली. तीन दिवसांत त्या घरात कुणी पहिल्यांदाच हसत होतं. शेवंता मात्र ओठ हलवत होती, बोटांनी जमिनीवर ठेका धरून. ती ओळ उचलून बघत होती, बाजारात मडकं वाजवून बघावं तशी. मग म्हणाली,

*येळवशीच्या दिशी बाई कोपीला तोरन*
*दुकानाच्या वाटंनं आला वैजू खन इसरून*

चोळीचा खण आणायचा विसरून हात हलवत आलेला भाऊ. एका शब्दात तिनं मला गाण्यात बसवलं आणि वर टोमणाही मारला. सरांनी दोन वर्षांत मला जे शिकवलं नव्हतं ते तिनं जमिनीवर बसून शिकवलं. पण तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण पुढे ती म्हणाली, "मानिकला माझा आवाज दोन शेतं लांबून कळतो. मी सकाळधरनं हेच म्हनत बसते. माझ्या तोंडात दुसऱ्याचं नाव आलं तर त्याला कळंल."

"काय कळंल?" अक्कानं विचारलं.

"कायतरी इपरीत हाय म्हनून. माघारी फिरंल."

"आन् न्हाई कळलं तर?"

शेवंता उठून पाच दगडांना लावायचा चुना कालवायला लागली.

येळवशीच्या सकाळी मी आणि अक्का शेवंताच्याच रानात गेलो. ती जी म्हणायला बसली ती थांबली नाही. कोपीसमोर चूल, चुलीवर भज्जी, आणि तिच्या तोंडात ती एकच ओळ. कधी संथ, कधी उंच. वैजू, वैजू, वैजू. माझं नाव इतक्या वेळा मी कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या रानातल्या बायका ओरडून विचारत होत्या, "शेवंते, भाव बदललीस का गं?" ती हसून हात करायची आणि पुन्हा म्हणायची. चहूकडे ज्वारी डोक्याच्या वर. वारा आला की सगळी एकदम सळसळायची आणि तिच्याशिवाय आम्ही सगळे एकदम गप्प व्हायचो.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा अमीनसाहेब घोड्यावरून आले. बरोबर दोन जवान. येळवशीला रानात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, तो कुणीही असो. अक्कानं घोंगडी अंथरली, पत्रावळी मांडल्या. साहेबांनी भज्जी दोनदा घेतली. आंबील पिताना नाक वाहायला लागलं तेव्हा म्हणाले, "ये तो दवा है." कसाही असो, भुकेला माणूस होता. ते जेवत असताना मला त्यांची भीती वाटत नव्हती. भीती त्यांच्या पाठीमागच्या ज्वारीची वाटत होती.

"हौ, वो गाना," ते म्हणाले.

शेवंताचा आवाज तोवर बसला होता. तिनं आंबिलाचा घोट घेतला आणि म्हटलं. नावाच्या जागी नेहमीसारखा आवाज उंच नेला. मधेच घशात तुटला, पुन्हा जोडून घेतला.

आणि वारा नसताना ज्वारी हलली. पश्चिमेला, दोन पट्टे सोडून. चार-पाच ताटांचे शेंडे वाकले आणि सरळ झाले. मी बघितलं. शेवंतानं बघितलं. एका जवानानंही बघितलं. तो उभा राहिला. "उधर क्या है?"

मला एकही शब्द रचता आला नाही.

"डुकरं," अक्का पळी हालवत म्हणाली. "कनसं कोवळी हायेत न्हवं, खायला येतेत. सांजच्याला तर कळप यायलाय. बसा तुमी, भज्जी निवायली." जवानानं एक ढेकूळ उचलून त्या बाजूला भिरकावलं. ढेकूळ ज्वारीत पडल्याचा आवाज आला. काहीच उठलं नाही. शेवंता गातच होती. तिचे डोळे चुलीवर होते, आणि मांडीवरच्या तिच्या मुठीतून पिठाचा उंडा चेपून बोटांच्या फटींतून बाहेर आला होता.

जवान बसला. साहेबांनी खीर मागितली.

माणिक त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पकडला गेल्याची बातमीही आली नाही. त्या दिवसांत बातमी नसणं म्हणजे काय धरायचं, हे ठरलेलं नव्हतं. शेवंता रोज वेचणीला यायची, पण गात नसे. मीही कुणाला गा म्हटलं नाही.

एम.ए. मला वर्षभर उशिरा मिळालं, तेही काठावर. माझ्या संग्रहात गाणी होती, एकाही गाण्यापुढे नाव नव्हतं. सरांनी समासात लाल शाईनं प्रत्येक पानावर लिहिलं होतं, "गायिका? गाव?" मी त्यांना कारण सांगितलं नाही. ते चांगले होते आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आजही मी विद्यार्थ्यांना तेच सांगतो. पण नाव लिहिलेला कागद कुठे ठेवला आहेस, हे त्यांना आधी विचारतो, आणि विचारताना माझा आवाज बदलतो हे मला कळतं.

भादव्यात राज्य बदललं. जी माणसं पलीकडे होती ती एकेक करून परत आली. भीती उलटी फिरून आता ज्यांच्या दारात उभी राहिली अशी मुसलमान घरंही मी तेव्हा बघितली. मुन्शी भालकीकडे आपल्या गावी निघून गेला असं ऐकलं. त्याला वाचता येत होतं का, हे विचारायला मी दोनदा निघालो आणि दोन्हीदा अर्ध्या वाटेवरून परतलो.

माणिक आला तो दाढी वाढलेला, हाडं निघालेला. त्यानं सांगितलं, तो येळवशीच्या दिवशी ज्वारीत होता. भज्जीचा वास येण्याइतका जवळ. "शेवंतानं माझ्याबिगर कुनाचं नाव कधी घेतलेलं न्हवतं," तो म्हणाला. "मला आधी राग आला. मग भ्या वाटलं." ढेकूळ त्याच्या खांद्याला लागलं होतं.

त्या वर्षीच्या वेचणीला मी बांधावर बसलो, वही न घेता. माणिक समोरच होता, गाडीच्या जुवावर, बिडी ओढत. बायका म्हणाल्या, "शेवंते, आता म्हन की. भाव तर आलाय." तिनं हातातलं बोंड वेचून ओटीत टाकलं. मग तिनं सुरू केलं. येळवस आली, कोप आली, तोरण आलं, निर्ण्याची वाट आली. नावाच्या जागी ती थांबली. दहा पावलांवर भाऊ बसलेला होता. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. मान वळवून रस्त्याकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रस्ता मोकळा होता. मग ओटीतल्या कापसाशी बोलावं इतक्या हळू ती म्हणाली, माणिक.